चार मिनिटांची सही

फरीदाबादहून बोलतोय. आज विषय जरा रुक्ष आहे, करार कायद्याची तोंडओळख. पण घाबरू नका, कलमांची जंत्री वाचणार नाही. मी वकील नाही. साधा पदवीधर, फौजेतून निवृत्त झालेला माणूस.

आता तुम्ही विचाराल, फौजी माणसाचा कराराशी काय संबंध? संबंध आहे. माझी बरीचशी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेली. जवानांचा शिधा, पेट्रोल, भाड्याच्या गाड्या, भाजीपाला, सगळं कंत्राटानं यायचं. निविदा उघडणाऱ्या बोर्डावर मी कितीदा बसलो असेन. ठेकेदाराच्या कागदावरचा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी परत पाठवायचो. संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावानं होतो, त्यामुळे सही करताना हात आपोआप सावध व्हायचा.

आणि हाच सावध माणूस ऑक्टोबर २०१८ मध्ये इथल्या एका बँकेत गेला आणि चार मिनिटांत अकरा सह्या करून बाहेर आला. एकही पान न वाचता.

झालं असं. माझ्या युनिटमधला एक हवालदार. हरियाणाचाच. निवृत्तीनंतर त्यानं एनआयटी भागात छोटं वर्कशॉप टाकायचं ठरवलं. लेथ मशीन घ्यायचं होतं, ज्याला इथे खराद म्हणतात. कर्ज नऊ लाख. बँकेला जामीनदार हवा होता. तो घरी आला, चहा झाला, आणि म्हणाला, "साहब, बस एक दस्तखत चाहिए." ज्या माणसानं बर्फात माझी गाडी दरीत जाऊ दिली नाही, त्याला मी "आधी कागद वाचतो" असं म्हणू? नाही म्हणवलं. त्या चार मिनिटांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते समजायला आधी करार म्हणजे काय ते समजायला हवं.

आपला कायदा १८७२ सालचा. १ सप्टेंबर १८७२ पासून लागू. सरकारी मराठीत त्याला 'संविदा अधिनियम' म्हणतात, आपण करार कायदाच म्हणू. मुळात यात २६६ कलमं होती. पुढे मालविक्रीचा भाग १९३० साली आणि भागीदारीचा १९३२ साली वेगळ्या कायद्यांत गेला, म्हणून आज पुस्तकात मध्येच कलमं गायब दिसतात आणि शेवट २३८ वर होतो. मी काश्मीरमध्ये होतो तेव्हा तिथे वेगळा करार कायदा होता. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तिथेही हाच लागू आहे.

कायद्याचा गाभा एका ओळीचा आहे. एकानं प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्यानं तो स्वीकारायचा, दोघांमध्ये काहीतरी देवाणघेवाण हवी, आणि ते न्यायालयात बजावता येईल असं हवं. प्रत्येक करार हा आधी ठराव असतो, पण प्रत्येक ठराव करार होत नाही. "रविवारी जेवायला येतो" असं सांगून तुम्ही आला नाहीत तर मी रागवेन, दावा लावू शकणार नाही.

आता पहिला गैरसमज. "लिहिलं नाही म्हणजे करार नाही." साफ चूक. आपल्या विदर्भातलीच गोष्ट सांगतो. खामगावची एक जिनिंग फॅक्टरी आणि तेल गिरणी. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीनं तिच्याशी ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. कागद नाही, सही नाही, सगळं फोनवर. पेंड आली नाही. अहमदाबादवाल्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या कोर्टात लावला. खामगावचं म्हणणं, आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात, म्हणजे करार खामगावात झाला, दावा तिकडे लावा.

प्रश्न दिसायला छोटा. पण पोस्टाच्या पत्राचा नियम असा की होकाराचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला. मग फोनचं काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६५ साली दोन विरुद्ध एक मतानं निकाल लागला की फोनवर माणसं समोरासमोर असल्यासारखीच बोलतात, म्हणून होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला. म्हणजे अहमदाबादेत. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती होते हिदायतुल्ला, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ते म्हणाले, कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर खामगावचं बरोबर आहे.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, फोनवर करार होतो का, यावर तिघांपैकी कुणालाही शंका नव्हती. वाद होता फक्त तो कुठे झाला याचा. आज फोनच्या जागी व्हॉट्सॲप आणि ईमेल आलं आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार नाकारता येत नाही. तेव्हा 'ओके' आणि अंगठा पाठवताना जरा सांभाळून.

पण काही गोष्टी तोंडी चालत नाहीत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरा-जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. भाडेकरार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी लागते, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचा कागद चालतो. पण महाराष्ट्रात घर भाड्यानं दिलेल्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मी इथे बसून पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला तेव्हा फरीदाबादचीच पद्धत चालेल असं समजत होतो. नाही चालत.

दुसरी गोष्ट, स्वीकार करणाऱ्याला प्रस्ताव माहीत हवा. कानपूरच्या एका गृहस्थांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन शुक्ल याला शोधायला हरिद्वारला पाठवलं. तो गेल्यावर मागे ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. लालमनला मुलगा सापडला. नंतर बक्षिसाचं कळलं, त्यानं मागितलं. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं सांगितलं, तुला प्रस्ताव माहीतच नव्हता, मग तू स्वीकारलास काय? शिवाय शोधणं हे तुझं कामच होतं. कडक वाटतं, पण तर्क सरळ आहे.

तिसरी गोष्ट, माणूस करार करायला पात्र हवा. सज्ञान आणि शुद्धीत. अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच शून्य. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहरी बीबीच्या खटल्यात हे पक्कं केलं. कोलकात्यातल्या एका अज्ञान मुलानं वीस हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं. गहाणखत रद्द झालं आणि सावकाराला दिलेली रक्कमही मिळाली नाही.

चौथी, मोबदला. कायद्याच्या मराठीत प्रतिफल. नुसतं "देतो" म्हटलं की करार होत नाही. मग गणपतीची वर्गणी? पावतीपुस्तकात पाच हजार लिहिले आणि दिले नाहीत तर? सहसा काही करता येत नाही. पण हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता, लोकांनी आकडे घातले, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर समितीनं ठेकेदाराला काम दिलं. एकानं शंभर रुपये द्यायचं नाकारलं. १८८६ साली कोर्टानं सांगितलं, तुझ्या शब्दावर विसंबून त्यांनी देणं अंगावर घेतलं, आता दे. आमच्या मंडळाच्या खजिनदारांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

पाचवी, उद्देश कायदेशीर हवा. यासाठी फरीदाबादबाहेर जायची गरज नाही. सूरजकुंडजवळ अरवलीच्या कुशीत कांत एन्क्लेव्ह नावाची वसाहत होती. लोकांनी प्लॉट घेतले, पैसे मोजले, घरं बांधली, कागद सगळे होते. पण १८ ऑगस्ट १९९२ च्या अधिसूचनेनं ती जमीन भूसंधारण कायद्याखाली आली होती, तिथे बांधकाम चालणार नव्हतं. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यानंतरची बांधकामं पाडायचा आदेश दिला. नुसते प्लॉट घेतलेल्यांना १८ टक्के व्याजानं पैसे परत, घरं बांधलेल्यांना पन्नास लाखांची भरपाई. हा निकाल मुख्यतः जंगल आणि पर्यावरणाचा आहे. पण करार शिकणाऱ्यानं त्यातून एक घ्यावं की दोन माणसांच्या सह्या देशाच्या कायद्याच्या वर जात नाहीत. खरेदीखत खरं आहे का हे आपण बघतो. त्या जमिनीवर काय करता येतं हे बघत नाही.

सहावी, संमती खुली हवी. धाक, दडपण, फसवणूक, खोटी माहिती यातून घेतलेली सही असेल तर तो करार 'शून्यकरणीय' होतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा. शून्य करार जन्मालाच येत नाही. शून्यकरणीय जन्माला येतो, पण ज्याची फसवणूक झाली त्याला तो मोडायची मुभा असते. त्यानं मोडला नाही तर चालू राहतो. वडिलांच्या आजारपणात, एकाच मुलानं सांभाळताना घेतलेल्या सह्यांवरून घरोघरी भांडणं होतात, ती बहुधा या खान्यातली.

आणि ज्यात मोलभाव करायला जागाच नसते असे छापील करार? बिल्डरचा कागद आठवा. हप्त्याला उशीर केला तर तुम्हाला १८ टक्के, आणि त्यानं ताबा द्यायला उशीर केला तर तुमच्या हातावर चणे-फुटाणे. गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली, पायोनियर अर्बन प्रकरणात, सांगितलं की असा एकतर्फी करार ग्राहकावर लादता येत नाही, ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. रेरा कायद्यात आता दोन्ही बाजूंना व्याजाचा दर सारखा आहे, आणि नोंदणीकृत कराराआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आमच्या फरीदाबादची तक्रार पंचकुला पीठाकडे जाते, गुरुग्रामकडे नाही. लोक चुकून तिकडे खेटे घालतात.

आता एक प्रश्न मला नेहमी येतो. परिस्थितीच बदलली तर? करोनात अनेकांनी विचारलं. कलम ५६ सांगतं की काम अशक्य झालं तर करार संपतो. पण अशक्य आणि अवघड यात फरक आहे. याचं उदाहरण माझ्याच खात्यातलं आहे. अलोपी परशाद नावाची पेढी १९३७ च्या करारानुसार सैन्यासाठी तूप खरेदी करून द्यायची. मग महायुद्ध पेटलं. मागणी वाढली, खर्च वाढला. पेढी म्हणाली, हे दर शांततेच्या काळातले होते, आता वाढवून द्या. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. भाव चढले, अंदाज चुकला, धंदा तोट्यात गेला म्हणून करारातून सुटता येत नाही. अख्ख्या महायुद्धानं जिथे सूट मिळाली नाही, तिथे आपल्या मंदीची काय कथा!

बाकी प्रकार भराभर सांगतो. शब्दांनी केलेला तो व्यक्त करार. मेट्रोत कार्ड टेकवून आत जाता तो वर्तनातून झालेला. "पाऊस पडला नाही तर भरपाई" असा विमा घेतला तर तो सशर्त. "पाऊस पडेल की नाही" यावर पैसे लावले तर ती पैज, आणि पैजेचा ठराव शून्य. शेजाऱ्याचं पार्सल चुकून तुमच्याकडे आलं आणि तुम्ही वापरलं, तर करार नसतानाही पैसे द्यावे लागतात. कायदा तिथे करारासारखंच बंधन मानतो.

आणि कायद्यात खास नावानं आलेले पाच करार. ठेवीची पावती हरवली की बँक जो बाँड लिहून घेते ती हानिरक्षा: "यातून तुमचं नुकसान झालं तर मी भरून देईन." लाँड्रीत कपडे टाकले, दुरुस्तीला फोन दिला, तो निक्षेप, घेणाऱ्यानं शहाण्या माणसानं स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी काळजी घ्यायची. सोनं ठेवून कर्ज काढलं तो गहाण. आपल्या वतीनं दुसऱ्याला काम करायला नेमलं ते अभिकर्तृत्व, म्हणजे एजन्सी, मुखत्यारपत्र यातलंच. दिल्ली-हरियाणात वर्षानुवर्षं नुसत्या मुखत्यारपत्रावर घरं 'विकली' गेली. २०११ साली सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यानं मालकी येत नाही. इथे स्वस्तात घर मिळतंय म्हणून बयाना, म्हणजे आपल्याकडचा इसार, देण्याआधी हे आठवा.

पाचवा करार म्हणजे हमी. जामीन. आता माझ्या चार मिनिटांकडे येतो.

वर्कशॉप दीड वर्ष छान चाललं. मग २०२० ची टाळेबंदी आली. खराद बंद, ऑर्डरी बंद, मजूर गावाला. हप्ते थकले. ऑगस्ट २०२१ मध्ये मला बँकेची नोटीस आली. रक्कम ६,४०,००० रुपये. मी तडक शाखेत गेलो आणि फौजी आवाजात म्हणालो, "कर्ज त्यानं घेतलं. आधी त्याच्याकडून वसूल करा, नाही मिळालं तर माझ्याकडे या." समोरची अधिकारी मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही सही केलेला कागद वाचलात का?"

घरी येऊन वाचला. पहिल्यांदा. मग कायदा वाचला. कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेनं आधी कर्जदाराच्या मागे लागलं पाहिजे असं बंधन नाही. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. मी म्हटलं, मला यात एक पैसा मिळाला नाही, मग मोबदला कुठला? कलम १२७: कर्जदाराला मिळालं, तेवढा मोबदला पुरे. जामीनदाराला कायद्यानं काही संरक्षणही आहे. बँकेनं त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या किंवा तारण सोडून दिलं, तर तो पूर्णतः किंवा तेवढ्यापुरता सुटतो. पण माझ्या छापील कागदात यातले बरेच हक्क मी आधीच सोडून दिले होते. सहा नंबरच्या पानावर. अकरा सह्यांपैकी एक तिथे होती.

डिसेंबर २०२१ मध्ये मी पैसे भरले. गावाकडच्या घराचं छप्पर बदलायला ठेवलेली ठेव मोडली. बायको एवढंच म्हणाली, "अहो, निविदा तर तुम्ही भिंगातून वाचायचात."

पण कायदा इथे थांबत नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. पैसे भरल्यावर जामीनदार बँकेच्या जागी उभा राहतो, कलम १४०. बँकेचे जे हक्क, ते त्याचे. आणि कलम १४५ म्हणतं, कर्जदारानं जामीनदाराला भरपाई द्यायचीच, त्याचं वचन न बोलता गृहीत धरलेलं आहे. आम्ही दोघांनी एकमेकांना जे कधी म्हटलं नव्हतं, ते १८७२ पासून लिहून ठेवलेलं होतं.

म्हणजे तारण असलेला खराद मी उचलून आणू शकलो असतो. नाही आणला. मशीन गेलं तर तो कमावणार कशावर? तो दर महिन्याला पाच हजार देऊ लागला. कधी देतो, कधी चुकतो. मी विचारत नव्हतो, तोही बोलत नव्हता. आमच्यात अवघडलेपण आलं. पूर्वी तो चहाला आत यायचा. आता पैसे देऊन दारातूनच जायचा.

मग मुदतीच्या कायद्यात वाचलं की जामीनदारानं पैसे भरल्यापासून तीन वर्षांत कर्जदारावर दावा लावावा लागतो. त्या आत लेखी कबुली झाली तर मुदत नव्यानं मोजतात. मला दावा लावायचा नव्हता. पण आम्ही दोघंही साठी ओलांडलेले. उद्या आमच्यातला एक गेला तर त्याच्या मुलाला आणि माझ्या मुलीला कोण काय सांगणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला बोलावलं. एक पान लिहिलं. किती दिले, किती राहिले, महिन्याला किती, जमलं नाही तर काय. मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यानं स्वतः पुन्हा वाचलं, मग सही केली. मला वाटलं होतं त्याला अपमान वाटेल. तो म्हणाला, "साहब, अब हिसाब साफ है." आणि त्या दिवशी आत येऊन चहा प्यायला.

म्हणून मंडळी, जामीन राहू नका असं मी सांगणार नाही. माणसं माणसांच्या कामी यायचीच. फक्त तीन गोष्टी करा. एक, पूर्ण रक्कम उद्या आपल्यालाच भरायची आहे असं समजा, आणि जमत असेल तरच सही करा. दोन, कागद आदल्या दिवशी घरी मागून घ्या, वाचा, आणि सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. तीन, मुदत, तारण आणि आपण सोडत असलेले हक्क, या तीन जागी बोट ठेवून विचारा.

आपल्याकडे समजूत आहे की कागद मागणं म्हणजे अविश्वास. माझा अनुभव उलटा आहे. कागद नव्हता तेव्हा तो दारातून परत जायचा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मोठ्या व्यवहारात मात्र माझ्यासारख्याचं ऐकून थांबू नका, वकिलाला कागद दाखवा. पुढच्या वेळी मृत्युपत्रावर बोलू. जय हिंद.